काळ्या कुडत्यातले हात

सिंदी मेघे

वर्ध्याला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात जो तो एकच विचारतो. आश्रम पाहिलास का, गोरसपाक आणलास का? आश्रम पाहिला नाही. गोरसपाक आणला, तो शेजारच्यांनी संपवला. मी गेले होते पाच माणसांना माझं काम शिकवायला, आणि त्यातल्या एका गोष्टीत मी अशी काही माती खाल्ली की अजून जेवताना मध्येच आठवतं आणि घास फिरतो. म्हणून हे लिहायला घेतलं. तुमच्यापैकी फारसं कुणी तिकडे जाणार नाही, आणि गेलात तरी हे तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

माझं काम दुभाषाचं. बहिरा माणूस हातांनी बोलतो ते ऐकणाऱ्यांना तोंडानं सांगायचं, आणि ऐकणारे बोलतात ते बहिऱ्याला हातांनी. कागदोपत्री कर्णबधिर म्हणतात, आमच्या घरात सरळ बहिरी म्हणत, कारण माझी आईच जन्मापासून बहिरी होती. दूधवाला, डॉक्टर, वर्गशिक्षिका, सगळ्यांशी आईचं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. त्यामुळे या धंद्यात मी बोबडं बोलायच्या वयापासून आहे. पैसे मात्र फार उशिरा मिळायला लागले.

बोलावलं कुंदाताईंनी. त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, राहायला सिंदी मेघेला. फोनवर म्हणाल्या, "वरून दुभाषी पाठवतात ते पुण्या-मुंबईचे. आमच्या खेड्यातल्या लोकायचे हात त्याइले समजत नाई, अन् आमचे लोकं त्याइच्यापुढे तोंड उघडत नाई. आमच्यातलेच तयार करून दे ना वं." आमच्यातले म्हणजे कोण, हे मला लगेच कळलं. या धंद्यात मी आजवर ज्यांच्याबरोबर उभी राहिले ते बहुतेक माझ्यासारखेच होते: शहरातले, वरच्या जातीतले, गोरेगोमटे. कुंदाताईंनी जमवलेले पाचही जण बौद्ध वस्तीतले आणि गोंडांच्या घरातले. प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी बहिरं होतं. मला हे फार आवडलं. मी लगेच हो म्हटलं, आणि माझ्या शिंप्याकडून पाच काळे कुडते शिवून घेतले.

काळे का, ते सांगते. दुभाषाचे हात हेच त्याचं तोंड. मागं फुलाफुलांचा कपडा असला की बोटं त्यात हरवतात. म्हणून एकरंगी, गडद कपडा घालायचा. माझ्या आईला तर काळ्याशिवाय चालायचंच नाही. 'काळ्यावर तुझे हात कसे उठून दिसतात,' ती म्हणायची, म्हणजे हातांनी म्हणायची. पुढे जिथं जिथं शिकले तिथंही सगळे काळ्यातच. मला त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

पहिल्या सकाळी कुंदाताईंनी तर्री पोहे खायला घातले. पोह्यांवर लाल रस्सा ओतलेला, वर हरभरे. पुण्यात आम्ही पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतो आणि त्यालाच नाश्ता म्हणतो. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून धारा. आणि त्याच अवस्थेत माझे पाच विद्यार्थी दारात हजर. पुण्याच्या मॅडम रडत बसल्या आहेत आणि कुंदाताई पदर तोंडाला लावून हसताहेत, हे त्यांना झालेलं माझं पहिलं दर्शन.

कुडते वाटले. सगळ्यांना आनंद झाला, अंगाला लावून पाहिले. मग मी दुसरा नियम सांगितला: हातात काही नको. अंगठी नको, मेंदी नको, बांगड्या नकोत. बांगड्या म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकीनं भराभरा काढल्या आणि रुमालात बांधल्या. ही वैशाली. देवळीजवळच्या एका गावची, तिशीची, मोठा भाऊ बहिरा. भावासाठी हात शिकली, बी.ए. झाली, लग्नानंतरही सोडलं नाही.

"घरी काय म्हणतील?" मी विचारलं.

"सासू बोलणार नाई चार रोज. नवरा जिता असतानी हात उघडे कायले ठेवते म्हणते. पण मॅडम, मले हे काम पायजे."

वैशाली काळी आहे. सावळी वगैरे नाही, काळी. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लागणार आहे. नागपूरला दिलेल्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पडद्यावर बघून गुण देतात तसली परीक्षा. शेरा मिळाला होता, हात अस्पष्ट. तो शेरा तिच्या मनाला फार लागला होता.

"मायी बोटं जाड हाय का मॅडम? कापूस वेचून वेचून तशीच होतेत." तिनं हात पुढं केले. बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेले, नखांपाशी चिरलेले.

मी त्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. आता लिहितानाही माझी मलाच चीड येते. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी तिला बोटं सुटी करायला लावली, मनगटं फिरवायला लावली, पुन्हा कर, पुन्हा कर, अजून स्वच्छ. ती न कुरकुरता करत राहिली. हिवाळ्यातल्या दुपारी घाम फुटेपर्यंत. कुंदाताईंची ओसरी, समोर ऊन, मी हातभर अंतरावर बसलेली. इतक्या जवळून मला सगळं दिसत होतं. तरी मी तिला पुन्हा कर म्हणत होते, कारण शेरा होता ना!

देवळीकडे

रेखाचं प्रकरण मला कुंदाताईंनी आधीच सांगितलं होतं. रेखा त्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वैशालीच्या भावाच्या वर्गातली. बहिरी. गेल्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला. ती खचली, वडील तिला माहेरी घेऊन आले. चार वर्षांची मुलगी आरोही काही दिवस आजी-आजोबांकडे राहू दे म्हणून सासरी राहिली. ती राहिलीच, आठ महिने झाले. सासरचे म्हणाले, मुकी बाई पोर कशी वाढवणार, हिच्याजवळ राहिली तर पोरगीही मुकी होईल, आणि हिची अक्कलही जरा कमीच आहे. आता वर्ध्यात एका समुपदेशन केंद्रात दोन्ही घरांची तडजोडीची बैठक ठरली होती. तिथं रेखाचा दुभाषा कोण? कुंदाताईंचं म्हणणं, वैशाली.

बैठकीच्या आदल्या दिवशी वैशाली मला रेखाकडे घेऊन गेली. वर्ध्याहून एसटीनं देवळी, पुढे ऑटो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला आणि बायका कमरेला ओटी बांधून वेचत चाललेल्या. मला उत्साह. ऑटो थांबवायला लावला आणि बांधावरून वाकून एक बोंड ओढलं. टोक नखाखाली गेलं आणि भळाभळा रक्त! "बाप्पा, असं नाई ओढत," म्हणत वैशालीनं ओढणीच्या टोकाची चिंधी फाडून बोटाला बांधली. सांकेतिक भाषेची शिक्षिका एक बोट बाद करून पाहुणी चालली. दिवसभर मी हातांनी काहीही म्हटलं की रेखाला त्यात भलतंच काहीतरी दिसायचं, आणि ती चिंधीकडे बघून हसायची.

रेखाच्या वडिलांच्या घरात शिरले आणि दारातच थांबले. पुढची अख्खी खोली कापसानं भरलेली, आढ्याला टेकेल इतका ढीग. भाव चढायची वाट बघत तो घरातच ठेवतात. घरातली माणसं उरलेल्या पट्टीत वावरतात, जेवतात, झोपतात. रेखा आणि वैशाली त्या ढिगाला पाठ टेकून बसल्या आणि बोलायला लागल्या. काय बोलणं होतं ते! शाळेतल्या खुणा, गावातल्या खुणा, दोघींच्या खास खुणा. निम्मं मला कळेना. तीस-पस्तीस वर्षं या कामात घालवलेली मी मध्येच "काय, काय?" करत राहिले आणि वैशाली मला सांगत राहिली. तिचे हात त्या पांढऱ्या कापसापुढं इतके लख्ख दिसत होते की मी मनात म्हटलं, बघा, माझ्या दोन दिवसांच्या शिकवण्याचा गुण आला!

देवा रे. डोळ्यांसमोर होतं सगळं. ती त्या दिवशी घरचा जुना पिवळट कुडता घालून आली होती आणि मागं कापूस होता. मी त्याचं श्रेय स्वतःला घेतलं.

रेखानं जेवायला रोडगे केले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर तूप, बरोबर वांग्याची भाजी. खाताना ती आरूबद्दल सांगत होती. आरूचं हातातलं नाव म्हणजे गालाला बोट टेकवून फिरवायचं, कारण पोरीला खळी पडते. आरू तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलली. पहिला शब्द पाणी. झोपेतसुद्धा तिची बोटं हलायची, रेखानं करून दाखवलं. मग मला विचारलं, 'तुझी आई बहिरी होती ना? तू मुकी झालीस का?'

"मला गप्प बसवायला लोकांना कष्ट पडतात," मी म्हटलं. वैशालीनं ते हातांनी सांगितलं आणि रेखा खूप हसली. मग म्हणाली, 'हे उद्या त्यांना सांग.' मी हो म्हटलं. मला खरंच वाटत होतं की मी आत जाईन, माझं उदाहरण देईन, आणि पोरगी तिच्या ओटीत येईल. कोपऱ्यात रेखानं आरूसाठी छोटी गोधडी धुऊन, घडी करून ठेवली होती.

वर्धा

बैठकीला वैशाली काळा कुडता घालून आली. कडक इस्त्री केलेला, केस घट्ट बांधलेले, हात मोकळे. मला अभिमान वाटला. वाटायलाच हवा, कुडता मी दिलेला.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या मुख्य बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे. "पुण्याच्या मॅडम आहेत ना? मग तुम्हीच बसा. ही कोण? कुठल्या वस्तीतली?"

मी म्हटलं, "रेखाचे हात हिला समजतात, मला पूर्ण समजत नाहीत. ही शिकलेली दुभाषी आहे. मी नुसती हिच्या शेजारी बसते."

"एकच दुभाषी. बाहेरची माणसं आत नको." त्यांनी दार लोटायला घेतलं. मी भांडायला हवं होतं. पण वैशालीनं मान डोलावली, मी करते म्हणून, आणि मलाही वाटलं, आजचा मान हिचा आहे. हिला पुढं करायलाच तर मी इतक्या लांब आले.

मी बाहेरच्या बाकावर. थोड्या वेळानं वीज गेली. बाकावरच्या बायका म्हणाल्या, रोजचंच आहे. आत काय चाललंय ते ऐकू येईना. एकदा मुख्य बाईंचा आवाज आला, "बसा हो जिथं बसवलं तिथं!" मग बऱ्याच वेळानं दार उघडलं. आधी रेखाची सासू बाहेर आली, डोळे पुसत. तिच्यामागून सासरे. मग वडिलांच्या पुढं रेखा. तिचा चेहरा फुललेला. तिनं माझे दोन्ही हात धरून हलवले. मागून वैशाली आली, ती खाली बघत होती.

रेखानं आम्हाला ओढतच खाली नेलं. आलुबोंड्याच्या गाडीवर तिनं बोटं वर करून सगळ्यांसाठी मागवलं, तिचे वडील नको नको म्हणत असताना. आणि मग वैशालीला विचारलं, 'आरूला आणायला आज जायचं की रविवारी?'

वैशालीच्या हातातला बोंडा खाली पडला.

"का गं? काय ठरलं आत?" मी विचारलं.

"पोट्टी शाळेत जायची होईपर्यंत आजीजवळ राहीन," वैशाली म्हणाली. "आईनं महिन्यातून एकदा भेटाव. मॅडम, तीनदा इचारलं त्याइनं. मी तीनदा सांगतलं. तिनं तीनदा मान हलवली. सही केली. मले वाटलं, वडिलायनं समजावलं असन, म्हून राजी झाली."

हे सगळं तिनं हातांनीही सांगितलं, कारण रेखा समोर उभी होती. आता भर उन्हात, हातभर अंतरावर. रेखा बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. मग तिनं वैशालीच्या तोंडाकडे बोट केलं, 'हे दिसत होतं.' आणि दोन्ही तळवे वैशालीच्या छातीसमोर हवेत फिरवले, पाटी पुसावी तसे. 'इथं काही नव्हतं. काळं. नुसतं काळं.'

'मग सांगितलं का नाहीस?' मी विचारलं. चिंधी बांधलेल्या हातानं, पण ती समजली.

'सासू आधीच म्हणाली होती, हिला अक्कल कमी. मी पुन्हा पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी तेच लिहिलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, शहाण्या बाईसारखं बसावं. मान हलवावी. कागदावरचं लिहिणं मला समजत नाही, दाखवलं तिथं सही केली.'

तिनं डोकं धरलं आणि गाडीच्या चाकाशी खाली बसली. वडील तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आलुबोंडेवाल्यानं विचारलं, "काय झालं वं बाईले?"

मी वैशालीला घेऊन पुन्हा वर गेले. वीज अजून आली नव्हती. बोळात बाकावर बसलेल्या बायका हटवल्या, वैशालीला खिडकीशी पाठ करून उभं केलं, आत तिला जसं बसवलं होतं म्हणाली तसं, आणि मी बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेले. "बोल काहीतरी," म्हटलं. ती बोलली. तिचं तोंड कसंबसं दिसत होतं, त्याखाली काळा कपडा, आणि कपड्यावर काहीतरी हलत होतं. ती काय बोलली ते मला कळलं नाही. मला! मग मी अंगावरची पांढरी शाल काढून तिच्या गळ्यापासून खाली पांघरली आणि परत जाऊन उभी राहिले. एकेक बोट दिसायला लागलं. ती म्हणत होती, 'मी चुकले का?'

नियम काळ्याचा नव्हताच. नियम एवढाच होता की कपडा हाताच्या उलट रंगाचा हवा. आम्ही सगळे गोरे, म्हणून आमच्यात तो काळा झाला, आणि तोच मी पाच जणांना शिवून आणला. वर आणि शाबासकी घेतली.

हे मी वैशालीला सांगितलं. तिनं शालीवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे मायाच हाताची खराबी नव्हती?"

"नव्हती."

"परीक्षेतबी?"

"परीक्षेत काय घातलं होतंस?"

"काळाच. तसंच लिहून आलतं." मग तिला रडू आलं, पण राग जास्त होता. "मी आरशापुढं बसून बसून बोटं वाकवली, मॅडम. लेकराले निजवून. सासूनं हासलं, नवऱ्यानं हासलं. काऊन कोणालेच नाई दिसलं हे? तुमाले काऊन नाई दिसलं?"

मी तिला घेऊन तशीच आत गेले.

मुख्य बाईंना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वागल्या नाहीत. "तीनदा विचारलं मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही पार्ट्या राजी झाल्या, सह्या झाल्या. आता मन फिरलं तर कोर्टात जा."

"मन फिरलं नाही. तिला दिसलंच नाही."

"वीज गेली तर मी काय करू? आणि सकाळीच म्हटलं होतं ना, तुम्ही बसा? तुमच्या या मुलीला जमलं नाही, सरळ सांगा."

"हिला जमलं!" मी ओरडले. "कपडा चुकला. कपडा मी दिलाय."

"कपड्यानं काय होते?" बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसांना आत बोलावलं. त्यांचा चेहरा खरोखरच काही न कळल्यासारखा होता. सकाळपर्यंत माझाही तसाच असता.

पुन्हा देवळीकडे

कुंदाताईंनी वकील पाहिला. तो म्हणाला, अर्ज करू, पण सही केलेली आहे, वेळ लागेल. किती, ते त्याला सांगता येईना. बाकीच्या दिवसांत मी शिकवलं. काळे कुडते मी परत मागितले तेव्हा कुंदाताई म्हणाल्या, "राहू दे वं, शेतात घालतीन." पाचही जण घरून फिकट रंगाचे कपडे घालून यायला लागले. कुणी मला टोचून बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी रेखाची महिन्याची पहिली भेट होती. तिनं मला आणि वैशालीला बरोबर चला म्हटलं. मला जायची लाज वाटत होती, पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं.

सासरचं गाव देवळीच्या पलीकडे. अंगण सारवलेलं, तुरीच्या पेंढ्या भिंतीला लावलेल्या. सासूबाईंनी रेखाला खाट दिली, आम्हाला चहा दिला. मी त्यांना मनातल्या मनात फार शिव्या घालत आले होते. पण त्या वाळलेल्या, लहानशा बाई निघाल्या. दारावर मुलाचा फोटो, त्याला ताजा हार.

"माया पोरगा गेला," त्या मला म्हणाल्या. "हे एवढीच राह्यली त्याची. हिले देऊन टाकू तं मी कोणाकडे पाहू, सांगा तुमी?"

मी त्यांना माझ्या आईचं सांगितलं. बहिऱ्या बाईनं वाढवलेली मी, बघा, धडधाकट बोलते आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुमचं शयरातलं वायलं असते, बाई. इथं पोट्टे हासतेत. लय हात हलवे ते, सवय मोडली म्या. हात बांधून बसवलं तवा कुठं सुटली. आता कशी चांगली बोलते पाहा. अव आरू, येजो इकडे!"

आरू आतून आली. खळी होती, रेखानं दाखवली होती तिथंच. दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसरं मनगट धरलेलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. रेखा खाटेवरून उतरून तिच्यासमोर उकिडवी बसली. गालाला बोट टेकवून फिरवलं. पोरगी तिच्याकडे बघत राहिली. आई आहे हे तिला माहीत होतं, ती जरा पुढेही सरकली. पण हात मागेच.

रेखा बोलायला लागली. भराभर, आठ महिन्यांचं साठलेलं. मोठी झालीस. केस कुणी कापले? तुझी गोधडी धुऊन ठेवली आहे. मला पाणी देशील? पाण्याची खूण तिनं दोनदा केली, तोंडाशी अंगठा नेऊन.

आरू त्या हातांकडे नीट लक्ष देऊन बघत होती. मग तिनं मान वळवून वैशालीकडे पाहिलं आणि हळूच, स्पष्ट विचारलं, "काकू, आई काय म्हणून राह्यली?"

वैशालीनं सांगितलं. मोठी झाली म्हणते, गोधडी धुतली म्हणते, पाणी मागते. आरू पळत आत गेली पाणी आणायला.

रेखानं पोरीचे ओठ हलताना पाहिले होते. तिचा चेहरा उजळला. ती वैशालीकडे वळली. 'काय म्हणाली? माझ्याबद्दल म्हणाली ना? काय म्हणाली?'

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्याच सकाळी, डोळे पुसत, मी त्यांना शिकवलं होतं: जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. मला तेव्हा काहीतरी म्हणता आलं असतं. मी चहाच्या कपात बघत बसले.

वैशाली रेखाच्या समोर जाऊन उभी राहिली. पिवळट कुडता, तोंडावर सकाळचं ऊन, हात मोकळे. तिनं सावकाश सांगितलं, एकेक बोट सुटं करून, मी शिकवलं होतं तसं. 'ती मला विचारते आहे, आई काय म्हणते.'

या वेळी रेखाला सगळं दिसलं.